बारावी कांडी

नत्थूजी हेडाऊंच्या गाडीनं आपला पहिला थेंब टाकला तो विणकर जागेश्वरच्या ताण्यावर. जमिनीवर टाकला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि नत्थूजींची काळी टोपीही शाबूत राहिली असती.

तांडापेठेतली ती गल्ली विणकरांची. उन्हं चढायच्या आत गल्लीभर ताण्याचं उभं सूत ताणून बांधायचं, त्याला खळ पाजायची, कुंच्यानं विंचरायचं आणि वाळलं की मागावर न्यायचं, असा तिथला जुना शिरस्ता. माग आता निम्मेच उरले होते. बाकीच्यांची पोरं मिलमध्ये, रेल्वेत, कचेऱ्यांत लागली होती. तरी गल्ली कोणाची, असं कोणी विचारलंच तर सकाळी नऊपर्यंत सुताची, नंतर माणसांची, असं उत्तर मिळालं असतं. त्या गल्लीत नत्थूजींनी बावीस फुटी मोटार आणून उभी केली.

ती साधी मोटारही नव्हे. एका सरकारी खात्याची प्रचारगाडी. खेडोपाडी मुक्काम करायचा म्हणून आत झोपायला दोन फळ्या, घडीचं टेबल, स्टोव्हला ओटा, हात धुवायला बेसिन आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. नत्थूजी त्याच खात्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते. एकोणीस वर्षं ही गाडी त्यांच्या रजिस्टरात होती आणि दोघंही एकाच महिन्यात निकामी ठरले. नत्थूजींना निरोपाचा हार मिळाला, गाडी लिलावात निघाली, आणि हार गळ्यातून उतरायच्या आत नत्थूजींनी ती घेऊन टाकली. उमरेडच्या माहेरापलीकडे ज्यांनी जग पाहिलं नव्हतं त्या चंद्रकलाबाईंना रामेश्वरापर्यंत न्यायचं आणि तेही एकाही धर्मशाळेची पायरी न चढता, असा त्यांचा संकल्प होता. चंद्रकलाबाईंना संकल्प विचारून केलेला नव्हता.

भांडारात आयुष्य काढलेल्या माणसाला उघडं भोक दिसलं की त्यामागे उंदीर दिसतो. गाडी आल्या दिवशीच नत्थूजींनी आईच्या कांड्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी, सूत गुंडाळलेली, टोकाकडे निमुळती होत गेलेली लाकडी काडी. म्हातारी गेली तरी तिचं हिरवं सूत काही कांड्यांवर तसंच होतं. निमुळतं टोक भोकात, वरून हातोडीचे दोन ठोके, त्यावर लाख आणि लाखेवर काळा रंग. अशी गाडीची आतबाहेर, वरखाली मिळून बारा भोकं बुजवली. उरलेल्या रंगात गाडीचं पोटही रंगवून घेतलं. बारा हा आकडा नीटनेटका, त्यामुळे नत्थूजींना त्या रात्री झोपही नीटनेटकी लागली.

गल्लीत गाडी म्हटल्यावर तंटा व्हायचाच. पण जागेश्वर समजूतदार. त्यानं तोड काढली. ताणा जिथं गाडीपाशी यायचा तिथं तो खाली घ्यायचा आणि गाडीच्या पोटाखालून पलीकडे काढायचा. वर मोटार, खाली सूत. दोन आठवडे दोघंही सुखानं नांदले. मग एका संध्याकाळी नत्थूजी आपल्या व्याह्यांना, इतवारीच्या गुलाबचंदजींना, गाडीतून फुटाळा तलावावर हवा खायला घेऊन गेले. आत बसून चहा झाला, व्याह्यांनी बेसिनचा नळ तीनदा उघडून पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेंब पडला.

"भाऊ," जागेश्वर दारात येऊन म्हणाला, "तुमची गाडी मुतून राहिली."

"तेल असेल," नत्थूजी म्हणाले.

"तेलच आहे. पण माह्या लुगड्याले तेल कायले पायजे?"

ताणा पांढऱ्या लुगड्यांचा होता. थेंब एकच, पण कुंचा फिरवता फिरवता तो चार हात पसरला होता. नत्थूजी वाकून पाहायला गेले तेव्हा दुसरा थेंब पडला आणि तिसरा. त्यांनी घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला सहा.

"पोळ्याच्या आत गाडी कोरडी करतो," नत्थूजींनी शब्द दिला.

"करा. नाही झाली तर यंदाच्या बडग्याले विषय भेटला आपल्याले," जागेश्वर शांतपणे म्हणाला आणि सूत गुंडाळू लागला.

नागपुरात राहणाऱ्याला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही, तरी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्याबरोबर मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे असतात. वर्षभर ज्यानं लोकांना पिडलं त्याचा बांबूकागदाचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत शहरभर मिरवून जाळून टाकायचा. बहुधा महागाईचा करतात, नाहीतर नळाला न येणाऱ्या पाण्याचा. या गल्लीचा बडग्या जागेश्वर करायचा आणि त्याचा हात चेहऱ्याच्या बाबतीत फार साधलेला होता. ज्याचा पुतळा असे त्याला आरशात पाहायची गरज उरत नसे.

आता मिरवणूक जायची ती गुलाबचंदजींच्या घरावरून. दरवर्षी त्यांच्या गॅलरीत दोन खुर्च्या नत्थूजी आणि चंद्रकलाबाईंसाठी राखून ठेवत. मुलगी सुमती दिलेली त्या घरात. लेकीच्या सासरच्या गॅलरीत, व्याह्यांच्या शेजारी बसून, हातात चिवड्याची बशी धरून स्वतःचा पुतळा जळायला जाताना पाहायचा. नत्थूजींना हे चित्र इतकं स्पष्ट दिसलं की चिवड्यातला जळका शेंगदाणासुद्धा दिसला. पोळ्याला सव्वीस दिवस होते.

सल्ला देणारे सकाळपासूनच जमले. त्यात पहिले मधुकरराव, समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर. मधुकरराव महायुद्धात लष्कराच्या ट्रकांबरोबर होते, असं ते स्वतः सांगत. ट्रकांबरोबर म्हणजे ट्रकांतून येणाऱ्या टपालाबरोबर, हे बाकीचे सांगत.

"नत्थूजी, यात काही नाही," मधुकरराव म्हणाले. "गूळ आणि कपड्याचा साबण समभाग घ्यायचा, कुटायचा आणि गळतीवर लिंपायचा. आम्ही ब्रह्मदेशाच्या सीमेवर अख्खी पलटण गुळावर पुढे नेली."

मोजणं हा नत्थूजींचा पिंड. पहिल्या आठवड्यात त्यांना एकतीस सल्ले मिळाले. त्यांतले आठ एकमेकांच्या थेट उलट होते, पाच गाडी विकून टाका असे होते आणि एक, शेजारच्या तुळजाबाईंचा, गाडीची दृष्ट काढा असा होता. दृष्ट काढली. कारण सर्वांत कमी त्रासाचा उपाय तोच होता. मग गुळाचा झाला. गुळानं गळती थांबली असं वाटलं, कारण ती दिसेनाशी झाली. गल्लीतल्या तमाम मुंग्या गाडीच्या मागच्या अंगाला चढल्या होत्या आणि त्या थरातून थेंबाला खाली यायला वेळ लागत होता. आत फळीवर दुपारी लवंडलेले नत्थूजी उठले तेव्हा मुंग्या त्यांच्याही मागच्या अंगापर्यंत पोचल्या होत्या.

तेव्हा कुठं कवडू मिस्त्रीला बोलावणं गेलं. लकडगंजात लाकडाच्या वखारींमागे त्याचं गॅरेज. माणूस कमी बोलणारा, सायकलला अवजारांची पिशवी, खिशात तंबाखूची डबी. त्यानं पोतं अंथरलं, गाडीखाली सरकला आणि बराच वेळ नुसते पाय दिसत राहिले.

"डिफरन्शियल," पाय म्हणाले.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्यात दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात, तो गळत होता. एवढं मधुकररावही म्हणाले होते, पण त्यांनी त्याच वेळी इंजिन, रेडिएटर आणि बेसिनही सांगितलं होतं.

"पूर्ण जंग लागून गेला, बाबूजी," कवडू बाहेर येत म्हणाला.

"मी रंग दिला होता ना."

"देल्ला. जंगावरच देल्ला. म्हातारीले पावडर लावल्यावानी."

तारेचा ब्रश घेऊन कवडूनं गोळ्याच्या झाकणावरचा गंज खरवडायला घेतला. चौथ्यांदा घासताच पापुद्रा निघाला आणि मागून तेलाची धार आली. आता मिनिटाला किती, हा प्रश्नच उरला नाही.

"मी काहीच केलं नाही," कवडू म्हणाला. "जंगच धरून होता इतके दिवस."

नत्थूजींना हे पटलं. सरकारी गाडीत गंज हा एक सुटा भागच असतो, फक्त त्याची रजिस्टरात नोंद नसते. त्यांनी स्वतःच एकोणीस वर्षं केली नव्हती.

झाकण काढलं. मधुकररावांचा भाचा कळमेश्वरच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. त्याच्याकडे झाकण न्यायचं ठरलं. एसटीच्या कंडक्टरनं ते तेलकट प्रकरण आत घ्यायला नकार दिला. नत्थूजींनी ते चंद्रकलाबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं सगळा रस्ता त्या गाठोड्याकडे मायेनं पाहिलं आणि उतरताना विचारलं, "मुलगी का मुलगा?" नत्थूजींनी लुगड्याचं टोक खाली ओढून घेतलं. तेल ठिबकून त्यांचं धोतर तोवर ओलं झालं होतं आणि बाईला त्याचंही नवल वाटलं नाही.

भाच्यानं भोक भरलं. कवडूनं जाड कागद कापून नवी पॅकिंग बसवली, बोल्ट आवळले, नवं तेल ओतलं. खाली वर्तमानपत्र पसरून दोघं एक दिवस आणि एक रात्र वाट पाहत राहिले. कागद कोरडा. नत्थूजींनी गल्लीत पेढे वाटले. जागेश्वरनं पेढा खाल्ला, पण अंगणात आणून टाकलेले बांबू हलवले नाहीत.

पेढ्याची चव जिभेवर होती तोच महापालिकेचा माणूस आला. हातात कागद. रस्त्यावर विनापरवाना बांधकाम उभारल्याबद्दल नोटीस.

"ही गाडी आहे," नत्थूजी म्हणाले.

"पडदे आहेत," माणूस म्हणाला. "बेसिन आहे. झोपायची सोय आहे. आत बाई स्वयंपाक करून राहिल्या."

हे खरं होतं. पावसाळ्यात घरातली चूल धुमसायची, म्हणून चंद्रकलाबाईंनी एव्हाना आपला स्टोव्ह गाडीत नेला होता. संकल्पाचा फायदा आजवर कोणाला झाला असेल तर तो एकट्या त्यांना.

"पण चाकं आहेत ना."

"चाकं तर पानठेल्यालेबी असतात, साहेब. वाहन आहे म्हणता तर वॉर्ड हापिसात चालवत आणून दाखवा."

नत्थूजींनी इस्त्रीचा कोट चढवला, काळी टोपी नीट बसवली आणि स्वतः चाक हाती घेऊन दहाच्या वेगानं निघाले. मागे सायकलींची रांग लागली. काही सायकली पुढेही गेल्या. वॉर्ड हापिसाच्या आवारात साहेब बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, हॉर्न वाजवून पाहिला आणि नोटिशीवर "वाहन असल्याचे आढळले" असं लिहून सही केली. नत्थूजींना भरून आलं. साहेब मागच्या बाजूनं हापिसाकडे वळले आणि तिथंच त्यांचा पाय सरकला.

मग त्यांनी पांढऱ्या पँटवरचा डाग पाहिला, आवाराच्या फाटकापासून आलेली काळी रेघ पाहिली आणि दुसरा कागद मागवला. सार्वजनिक रस्त्यावर तेल सांडल्याबद्दल नोटीस. नत्थूजी घरून एक नोटीस घेऊन निघाले होते, ती रद्द झाली, आणि घरी परत येताना हातात नोटीस एकच होती. भांडाराच्या भाषेत शिल्लक जुळली.

गल्लीत शिरले तेव्हा जागेश्वर बांबू चिरत होता.

"उभी असली की कोरडी," कवडू डोकं खाजवत म्हणाला, "आन चालली की गळते. झाकण तर पक्कं आहे. मंग धुऱ्याच्या टोकाचे सील गेले असन."

एवढ्या जुन्या गाडीचे सील नागपुरात मिळेनात. सदर बाजारच्या दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या, सीताबर्डीच्या दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून तिला स्वर्गवासी म्हटलं. शेवटी कवडू म्हणाला की जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, मिळाला तर हातानं कापून बसवतो, पहिले असेच असायचे. नमदा कुठं मिळणार? सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूहळू सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी येऊन थांबली.

"नाही," नत्थूजी म्हणाले आणि डोक्याला हात लावला.

"चांगला दाट नमदा आहे, बाबूजी. आता असा येत नाही."

ती काळी टोपी घालून नत्थूजींनी सात साहेबांना रुजू करून घेतलं होतं आणि सातांना निरोप दिला होता. सुमतीच्या लग्नात व्याह्यांना भेटताना तीच डोक्यावर होती. कवडूनं तिच्यातून दोन गोल चकत्या काढल्या, तेलात भिजवल्या आणि चाकांच्या आतल्या अंगाला बसवल्या. उरलेली झालर नत्थूजींनी ट्रंकेत ठेवली. चंद्रकलाबाईंनी त्या संध्याकाळी नवऱ्याला न मागता भजी तळून दिली.

उभ्यानं गाडी पुन्हा कोरडी. रामदासपेठेपर्यंत जाऊन आली आणि दोन्ही चाकांच्या आतून तेल ओघळत आलं. पोळ्याला पाच दिवस उरले.

जागेश्वरच्या अंगणात बडग्या उभा राहू लागला होता. नत्थूजी त्या बाजूला न पाहता जायचं म्हणून पाहायचे. पोट मोठं होतं. कोट होता. डोक्याच्या जागी घासलेटचा डबा होता आणि डब्याच्या नाकाला, हे मान्य करावंच लागलं, हेडाऊ घराण्याचं वळण होतं. चौथ्या दिवशी जागेश्वर स्वतः दारात आला. चेहऱ्यावर संकोच होता, आणि तो खरा होता.

"भाऊ, तुमची जुनी काळी टोपी असन तर देता का? पुतळ्याले पायजे होती."

"ती डिफरन्शियलमध्ये आहे," नत्थूजी म्हणाले.

जागेश्वर जायला वळला. मग म्हणाला, "मी काही दुश्मनीनं नाही करून राहिलो, भाऊ. शब्द तुमीच देल्ला होता."

हे खरं होतं, आणि नत्थूजींना तेच जास्त लागलं. रात्री त्यांनी चंद्रकलाबाईंना सांगितलं की यंदा इतवारीला जायला नको, अंगात कणकण आहे म्हणून सुमतीला निरोप पाठवू.

"कणकण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच येनार हे आजच कसं समजलं तुमाले?" त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस लागला. कवडू शेवटचं पाहून घेतो म्हणून गाडी नुकतीच फिरवून आला होता आणि आता आत फळीवर बसून बशीतून चहा पीत होता. त्याच्यासमोर नत्थूजी, गुडघ्यांवर हात. ओट्यावर भाताचं पातेलं. झाकण उडतं म्हणून चंद्रकलाबाईंनी त्यावर बत्ता ठेवला होता. थोड्या वेळानं पातेल्याच्या कडेनं पेज उतू यायला लागली, स्टोव्ह फुरफुरला.

"पातेलंसुद्धा गळकं निघालं," नत्थूजी म्हणाले. त्या दिवसांत त्यांना सगळं जग गळकं दिसत होतं.

"पातेल्याले काही झालं नाही. वरचा बत्ता काढा."

नत्थूजींनी बत्ता काढला. झाकण दोनदा वाजलं, वाफ वर गेली आणि कडेची पेज बसली.

"खळ शिजवताना आमच्या उमरेडले एवढ्याशा पोरीलेबी समजते हे," चंद्रकलाबाई भात ढवळत म्हणाल्या. "वाफेले वरून जायाले जागा नाही ठेवली, तर ते बाजूनं निंगते. तुमच्या त्या गोळ्याले वाफ जायाले जागा आहे का नाही? चालली की तापत असन ना तोबी."

कवडूची बशी ओठांपाशी थांबली. त्यानं ती हळूच खाली ठेवली.

"असते, बाई," तो म्हणाला. "वरच्या अंगाले बारकी नळी असते. त्यातूनच गाडी श्वास घेते. पन ह्या गाडीले मले नळी दिसलीच नाही. सारा काळा रंगच रंग."

नत्थूजींचं मन मोजायला लागलं होतं. बेसिनखाली दोन. फळ्यांच्या कडेला चार. ड्रायव्हरच्या पायाशी तीन. मागच्या दाराच्या चौकटीत दोन. अकरा. ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले आणि पुन्हा अकराच आले. मग त्यांना आठवलं की शेवटच्या वेळी हातोडी मारताना आपण उताणे होतो आणि नाकात माती गेली होती.

"मी पाहतो," ते एकदम उठत म्हणाले. "तू चहा पी."

"तुमी? खालती चिखल आहे, बाबूजी."

पण बाबूजी निघाले होते. अठ्ठावन्न वर्षांत नत्थूजी इतक्या चपळाईनं कशाच्याही खाली गेले नव्हते. अर्धे गेले आणि पोट अडकलं. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. कवडू दुसऱ्या बाजूनं निवांत सरकला. पक्कड लावण्याचा आवाज आला, लाख तडकली, आणि मग गाडीतून आवाज आला तो असा, की समोर खिडकीत बसलेल्या मधुकररावांनी कोण दमलं म्हणून मान वर केली. लांब, खोल, सुटल्यासारखा. कितीतरी दिवस कोणी धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा.

"ही घ्या," कवडूनं चाकाआडून हात काढला. हातात लाखेनं माखलेली लाकडी कांडी होती. "कोन ठोकून ठेवलं असन गा हे?"

"आधीचा ड्रायव्हर," नत्थूजी गाडीखालून म्हणाले. "सरकारी कामं. कोणाचं कोणाला काही नसतं."

कवडूनं कांडी उलटीसुलटी पाहिली. वरची लाख निघाली होती आणि आत हिरवं सूत दिसत होतं. त्यानं नत्थूजींकडे पाहिलं, म्हणजे जेवढे नत्थूजी बाहेर होते तेवढ्यांकडे. मिस्त्री कमी बोलणारा माणूस होता, आणि एवढे दिवस नळी आपणही शोधली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. त्यानं दोन्ही पाय धरून नत्थूजींना ओढून बाहेर काढलं आणि आपली अवजारं गोळा केली. चंद्रकलाबाई पदरानं हात पुसत दारात उभ्या होत्या. त्यांनीही सूत पाहिलं. सासूबाईंच्या हाताखाली हिरवं सूत त्यांनी दहा वर्षं भरलं होतं. "भात झाला," एवढंच त्या म्हणाल्या. नत्थूजींनी कांडी सदऱ्याच्या खिशात खोल सारली.

पाऊस उघडल्यावर गाडी रामदासपेठेला गेली, तिथून फुटाळ्याला, परत येताना लकडगंजला वळसा घालून आली. खाली कोरं वर्तमानपत्र पसरलं. नत्थूजी घड्याळ घेऊन बसले. एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास. त्यांनी नोकरीत हजारो आकडे लिहिले होते, पण शून्य हा आकडा इतका देखणा असतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

जागेश्वरचा वर्तमानपत्रावर विश्वास नव्हता. त्यानं पांढऱ्या सुताची लड आणली, हात घालून गोळ्याच्या खालून, बाजूनं, चाकांच्या आतून फिरवली आणि उजेडात धरून पाहिली. लड पांढरीच होती.

"कोरडी आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती, कारागिराची. "पन भाऊ, बडग्या तर उभा झाला. उभा केलेला बडग्या मोडत नसतात."

"मोडू नको," नत्थूजी म्हणाले. त्यांना आता सगळं सुचत होतं. "नाक थोडं बदल. आणि पाटी बदल. एकतीस सल्ले ऐकले मी. त्यातला एकही खरा निघाला नाही. लोकांना खरं कोण पिडतं, सांग बरं?"

जागेश्वरनं समोरच्या खिडकीकडे पाहिलं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात माग कसा चालवावा हे मधुकररावांनी त्याला अकरा वर्षं सांगितलं होतं. तो पहिल्यांदाच हसला.

दुसऱ्या दिवशी पोळा झाला, तिसऱ्या दिवशी मारबत. इतवारीत गुलाबचंदजींच्या गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या. सुमतीनं चिवड्याच्या बशा आणल्या. खाली माणूस माणसाला लागलेला, ढोलताशे, गुलाल. पिवळी मारबत गेली, काळी गेली, महागाईचे तीन बडगे गेले. मग तांडापेठेचा आला. डब्याचं डोकं, गालभर फाटलेलं तोंड, कान मुळीच नाहीत आणि गळ्यात पाटी: फुकटचा सल्लागार. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून हशा उठला. जो तो कोपरानं शेजाऱ्याला ढोसून कोणाचंतरी नाव सांगत होता. बडग्याच्या अगदी पुढे मधुकरराव चालत होते, गुलालानं माखलेले. वर पाहून ते ओरडले, "नत्थूजी, मी ओळखला हा कोण आहे ते. तुळजाबाईचा जावई."

नत्थूजी मोकळेपणानं हसले. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत हवा नीट भरली. व्याह्यांच्या बशीत त्यांनी स्वतःच्या बशीतले शेंगदाणे घातले. बडग्या गॅलरीखाली आला, आणि तेव्हा त्यांना त्याचा उजवा हात दिसला. हात वर उचललेला होता, मास्तरानं खडू धरावा तसा, आणि चिमटीत एक लाकडी काडी होती. तिच्यावर थोडं हिरवं सूत होतं.

नत्थूजींचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. सदरा काल चंद्रकलाबाईंनी धुऊन दिला होता.

"व्याहीबुवा, त्याच्या हातात काय आहे हो?" गुलाबचंदजींनी चष्मा सरसावत विचारलं.

"कांडी आहे," चंद्रकलाबाई मिरवणुकीवरची नजर न काढता म्हणाल्या. "विणकराची गल्ली हाये ना. कांडी तर राहीनच."

"बरोबर, बरोबर," गुलाबचंदजी म्हणाले आणि चिवड्याकडे वळले.

बडग्या पुढे सरकला. कांडी गर्दीच्या डोक्यांवरून डुलत डुलत लांब जात राहिली. चंद्रकलाबाई नत्थूजींच्या बाजूला किंचित झुकल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलल्या.

"बाकीच्या अकरा कुठी कुठी ठोकल्या, ते घरी गेल्यावर दाखवजा. मंग रामेश्वरचं पाहू."

नत्थूजींनी मान डोलावली. मग ते खुर्चीतून उठले, गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि इतवारीत त्या दिवशी कोणीच ओरडलं नसेल इतक्या मोठ्यानं ओरडले, "घेऊन जा गे मारबत."